वजनाचं ऑपरेशन करायचं की नाही? मनातल्या शंका कशा सोडवायच्या

घरात कोणाचं वजन शंभरच्या पुढे गेलं, शुगर गोळ्यांनाही दाद देईना, गुडघे जिना चढू देईनात, की कोणीतरी बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीचं नाव काढतंच. आणि मग घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते अमक्याच्या मेव्हण्याने केलं, चाळीस किलो उतरला, आता ओळखू येत नाही. दुसरी म्हणते धडधाकट पोट कापून घेणार का, तमकी त्यातच गेली. दोन्हीकडची माणसं खरंच सांगत असतात, पण दोघांचं ऐकून आपल्याला काय करायचं ते कळत नाही.

माझ्या मोठ्या बहिणीचं ऑपरेशन ठरत होतं तेव्हा आम्ही साताऱ्याहून पुण्याला फेऱ्या मारायचो आणि तिच्यासोबत प्रत्येक केबिनमध्ये मी वही घेऊन बसायचे. आता ओळखीपाळखीतले लोक मला फोन करून विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, तुम्ही करा किंवा करू नका असं मी सांगणार नाही, पण शंका कशी तपासायची, कोणाला काय विचारायचं, कोणत्या आकड्याला भुलायचं नाही एवढं नक्की सांगू शकते. आणि एक गोष्ट आधीच सांगते कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे: ऑपरेशन असतं दीड-दोन तासांचं, सगळे प्रश्न मात्र त्या दीड-दोन तासांबद्दलच विचारले जातात, आणि ज्या वीस-तीस वर्षांत ते बदललेलं पोट घेऊन जगायचं असतं त्यांच्याबद्दल कोणीच विचारत नाही. तुम्ही विचारा.

आधी ऑपरेशन कोणतं ते कळू द्या

बऱ्याच जणांच्या डोक्यात लायपोसक्शन असतं. ते वेगळं, त्यात कातडीखालची चरबी ओढून काढतात, शुगर-बीपीवर त्याचा उपयोग नसतो आणि वजनासाठी ते करतही नाहीत. वजनाच्या ऑपरेशनमध्ये चरबीला हात लावत नाहीत, जठर आणि आतडं यांच्यात बदल करतात, तेही दुर्बिणीने, पोटावर चार-पाच बारीक छेद घेऊन.

आपल्याकडे मुख्यतः तीन नावं कानावर पडतात. स्लीव्ह म्हणजे जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा जास्त भाग स्टेपलरने कापून कायमचा बाहेर काढतात, उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. काढलेला भाग परत बसवता येत नाही हे पक्कं लक्षात ठेवा. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण 30 मिलीची छोटी पिशवी करतात आणि आतडं वर आणून तिला जोडतात, म्हणजे अन्न बाकीच्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जातं. तिसरं मिनी बायपास, त्यात जोड एकच असतो, वेळ कमी लागतो, आपल्याकडे बरंच केलं जातं, पण पित्त वर येण्याचा आणि प्रोटीन-व्हिटॅमिन कमी पडण्याचा त्रास त्यात जास्त बघावा लागतो. बलून हे ऑपरेशनच नाही, एंडोस्कोपीने पोटात फुगा सोडतात आणि साधारण सहा महिन्यांनी काढतात, काढल्यावर वजन परत येणं अगदी कॉमन आहे. पूर्वी जठराभोवती बँड म्हणजे पट्टा बसवायचे, ते आता मागे पडलंय.

या तिन्ही खऱ्या ऑपरेशनांत फक्त जेवण कमी जातं असं नाही, भुकेचे आणि इन्शुलिनचे हार्मोन्स बदलतात, म्हणून तर शुगर कधी कधी वजन उतरायच्या आधीच खाली येते. तर पहिलं काम हे, की डॉक्टर जे सुचवतायत त्याचं नाव कागदावर लिहून घ्या आणि विचारा की माझ्यासाठी हेच का, दुसरं का नाही. यावर "आम्ही सगळ्यांना हेच करतो" असं उत्तर आलं तर ते मला पुरेसं वाटत नाही. ज्याला आधीच रोज अ‍ॅसिडिटी होते, रात्री घशाशी येतं, त्याला स्लीव्हने ते वाढू शकतं. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपासच्या पेशंटना दहा वर्षं फॉलो केलं तेव्हा अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्या 31 टक्के लोकांत सापडली आणि बायपासवाल्या 7 टक्क्यांत. म्हणजे छातीत जळजळ होते ही गोष्ट डॉक्टरना सांगायला विसरू नका, आणि आधी एंडोस्कोपी करून घेतल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

आपण त्यात बसतो का

बीएमआय काढा. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईचा बीएमआय 77 किलोला 30 होतो, 90 ला 35, आणि 102 च्या आसपास 40. जुना नियम, 1991 चा अमेरिकेतला, असा होता की 40 च्या वर असेल तर किंवा 35 च्या वर असून मोठे आजार असतील तर. 2022 मध्ये सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेतली आणि एक आंतरराष्ट्रीय, ते खाली आणलं: 35 च्या वर असेल तर आजार असो नसो, 30 ते 35 मध्ये डायबिटीससारखा आजार असेल तर, आणि आशियाई लोकांसाठी तर 27.5 पासूनच विचार करायला हरकत नाही असं सांगितलं, कारण आपल्याला कमी वजनातच पोटावर चरबी साठते आणि शुगर लागते.

इथे माझं स्पष्ट मत आहे. 27.5 म्हणजे 160 सेंटिमीटरला फक्त सत्तर किलो. त्या वजनाच्या, शुगर नाही बीपी नाही अशा मुलीला लग्न ठरत नाही म्हणून कोणी ऑपरेशनला पाठवत असेल तर तो खाली आलेला आकडा तिच्यासाठी नाहीये. तो मोठा आजार असलेल्यांसाठी आहे. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलींना आईवडील, कधी कधी होणारं सासर यात ढकलतं हे मी पाहिलंय आणि मला ते फार चुकीचं वाटतं, कारण तिला पुढे बाळंतपणं काढायचीयत, आयुष्यभर व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्यायच्यात, आणि निर्णय तिचा नसेल तर त्या ती घेणार नाही. पेशंट एकटा असताना डॉक्टरांनी त्याच्याशी दहा मिनिटं बोलायला हवं. डॉक्टर बोलले नाहीत तर तुम्हीच घरच्यांना बाहेर बसवा.

उलट बीएमआय 42 आहे, इन्शुलिन चालू आहे, रात्री झोपेत श्वास अडकतो आणि वयाच्या पंचेचाळिशीतच चालणं बंद झालंय, अशा माणसाला "जरा जेवण कमी कर, सकाळी चालत जा" असं सांगत राहणं हाही अन्यायच आहे. त्याने ते दहा वर्षं केलेलं असतं. न करण्यातही धोका असतो, फक्त तो हळूहळू येतो म्हणून आपण मोजत नाही.

जिवाला धोका किती

हा प्रश्न विचारायला लाजू नका. अमेरिकेत 4776 पेशंटच्या एका मोठ्या अभ्यासात (2009 साली तो छापला गेला) ऑपरेशननंतर 30 दिवसांत मृत्यूचं प्रमाण 0.3 टक्के होतं, म्हणजे हजारात तीन. आता चांगल्या केंद्रांत ते हजारात एकाच्या आसपास धरतात. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास असं सर्जन सांगतात ते या अर्थाने बरोबर आहे. पण हे झालं सगळ्यांचं मिळून. तुमचा स्वतःचा धोका त्याहून जास्त किंवा कमी असू शकतो, वय साठीच्या पुढे, बीएमआय पन्नासच्या पुढे, आधी पायात गुठळी झालेली, हृदयाचा त्रास, घोरण्याचा आजार ट्रीटमेंटशिवाय तसाच ठेवलेला, तंबाखू किंवा सिगरेट चालू, आधीच एकदा पोटाचं ऑपरेशन झालेलं, यातलं काय काय आहे त्यावर. म्हणून "सर्जरी सेफ आहे का" असं न विचारता "माझी फाइल बघून सांगा, मला कशाचा धोका जास्त आहे आणि तो कमी करायला आपण आधी काय करायचं" असं विचारा. उत्तरात स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी), सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू न देणारं), शुगर आधी आटोक्यात आणणं, लिव्हर लहान व्हावं म्हणून दोन आठवड्यांचा लो कॅलरी डाएट, तंबाखू किमान सहा आठवडे आधी बंद, असं काहीतरी यायला हवं. आपल्याकडच्या बायकांनो, मशेरी लावत असाल तर तीही सांगा, ती तंबाखूच आहे आणि बायपासच्या जोडाला त्याने अल्सर होऊ शकतो.

काय काय बिघडू शकतं तेही नावानिशी माहीत असू द्या. स्टेपलच्या रेषेतून गळती, त्याला लीक म्हणतात. रक्तस्राव. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. यातलं लीक फसवं असतं कारण घरी गेल्यावरही होऊ शकतं, आणि जाड माणसाचं पोट दाबून नेहमीसारखं कळत नाही. नाडी 120 च्या वर राहतेय, ताप आहे, धाप लागतेय, पोट किंवा डावा खांदा दुखतोय, नुसतं काहीतरी बरोबर वाटत नाहीये, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट न बघता ऑपरेशन केलेल्या सर्जनला फोन, आणि फोन लागला नाही तर सरळ तिथे. म्हणूनच नांदेड, जळगाव, सांगलीहून पुण्या-मुंबईला जाऊन करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, डिस्चार्ज मिळाला की त्याच रात्री गावची गाडी पकडू नका, आठ-दहा दिवस नातेवाइकांकडे नाहीतर लॉजवर राहा पण हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहा. तो खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

मोठ्या लोकांची उदाहरणं सगळे देतात. 2011 मध्ये नितीन गडकरींनी करून घेतलं, 2014 मध्ये अरुण जेटलींनी करून घेतलं आणि त्यांना नंतर पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागलं. 2017 मध्ये इजिप्तची इमान अहमद विमानाने मुंबईत आली तेव्हा तिचं वजन पाचशे किलो सांगितलं जात होतं, ऑपरेशन झालं, मग तिला अबू धाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये तिथे ती गेली. माझ्या घरात तेव्हा हीच बातमी पुढे करून ताईला घाबरवलं गेलं. पण ती मुलगी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली होती, किडनी आणि हृदय आधीच थकलेलं होतं, तिच्यावरून ९८ किलोच्या, स्वतःच्या पायाने ओपीडीत येणाऱ्या बाईचं भविष्य सांगता येत नाही. गडकरींवरूनही नाही.

फायदा खरंच होतो का, आणि आकड्यांचा घोळ

जाहिरातीत "70 टक्के वजन कमी" असं लिहिलेलं असतं आणि माणूस मनात हिशोब करतो की 120 चे 36 होणार. तसं नसतं. हे 70 टक्के जास्तीच्या वजनाचे असतात. 160 सेंटिमीटर उंची, वजन 120, बीएमआय 25 चं वजन 64, म्हणजे जास्तीचं 56 किलो. त्याचे 60 टक्के उतरले तर 33-34 किलो, आणि तुम्ही राहता 86 वर. एकूण वजनाच्या भाषेत हे 28 टक्के. स्लीव्ह आणि बायपासला एकूण वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के ही अपेक्षा वाजवी आहे. हे आधी कळलं की वर्षाने आरशासमोर उभं राहून निराशा होत नाही. 86 किलोही भरपूर मोठा फायदा आहे, गुडघ्यांना विचारा, पण तुम्ही 60 किलोची स्वप्नं बघून आत गेला असाल तर तो फायदा दिसणार नाही. म्हणून डॉक्टर टक्के सांगायला लागले की थांबवा आणि विचारा, कशाचे टक्के, आणि किती वर्षांनंतरचे.

किती वर्षांनंतरचे हा तर सगळ्यात महत्त्वाचा. वजन दीड-दोन वर्षं उतरतं, मग स्थिर होतं, मग बऱ्याच जणांचं थोडं परत वाढतं. फोटो मात्र सगळे त्या दीड वर्षाच्या टोकावरचे दाखवतात. वर सांगितलेल्या फिनलंडच्या अभ्यासात दहा वर्षांनी जास्तीच्या वजनातलं सरासरी 43.5 टक्के स्लीव्हवाल्यांचं आणि 50.7 टक्के बायपासवाल्यांचं गेलेलं होतं. मला हे आकडे वाचून धीरच आला, कारण दहा वर्षांनीसुद्धा निम्मं जास्तीचं वजन गेलेलं असणं हे डाएटने जवळपास कोणालाच जमत नाही.

डायबिटीससाठी करत असाल तर अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा 150 पेशंटचा अभ्यास माहीत असावा. पाच वर्षांनी एचबीएवनसी (मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) 6 किंवा त्याच्या खाली आणणं नुसत्या औषधांवर 5 टक्के लोकांना जमलं, स्लीव्हवर 23 टक्क्यांना आणि बायपासवर 29 टक्क्यांना. यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही ऐकायच्या. औषधांपेक्षा कितीतरी चांगलं. आणि तरीही दहातल्या सात जणांना तो आकडा गाठता आला नाही, जरी बहुतेकांच्या गोळ्या आणि इन्शुलिन कमी झाले. "शुगर कायमची जाईल" असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला हे विचारा. डायबिटीस नवीन असेल, इन्शुलिन सुरू झालेलं नसेल तर शक्यता चांगली, पंधरा-वीस वर्षांचा जुना असेल तर कमी.

आयुष्य वाढतं का? स्वीडनमध्ये 1987 पासून सुरू झालेल्या एका अभ्यासात दोन हजारांवर ऑपरेशनवाले आणि तेवढेच न केलेले जाड लोक वीसहून जास्त वर्षं बघितले. ऑपरेशनवाले सरासरी तीन वर्षं जास्त जगले. पण सर्वसाधारण लोकांपेक्षा तरीही साडेपाच वर्षं कमी. त्यात बहुतेक ऑपरेशनं जुन्या पद्धतीची होती हे खरं, तरी मला हा अभ्यास फार प्रामाणिक वाटतो, कारण तो फायदा दाखवतो आणि त्याची हद्दही दाखवतो.

वजन उतरवायचं इंजेक्शन आलंय ना आता

हो, आणि ते विचारात न घेता ऑपरेशनकडे जाऊ नका. भारतात टिर्झेपेटाइड मार्च 2025 ला आलं आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडने साधारण सव्वा वर्षात सरासरी 15 टक्के वजन कमी होतं, टिर्झेपेटाइडच्या मोठ्या डोसवर 20 च्या आसपास. अडचण ही की बंद केलं की परत येतं, सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचं वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे वर्षानुवर्षं घ्यावं लागणार असं धरूनच महिन्याचा खर्च गुणून बघा. बीएमआय 31-32 असेल तर मी आधी एंडोक्रायनोलॉजिस्टकडे म्हणजे हार्मोन आणि डायबिटीसच्या डॉक्टरकडे जाऊन हे बोलून येईन. 45 असेल तर इंजेक्शनने पुरणार नाही अशी शक्यता जास्त, तरी ऑपरेशनच्या आधी वजन खाली आणायला काही डॉक्टर वापरतात. सर्जन ऑपरेशन सुचवणार आणि औषधवाला औषध, म्हणून दोघांना भेटणं गरजेचं.

नंतरची वर्षं, यावर वेळ घालवा

पहिले दोन आठवडे पातळ: गाळलेलं मुगाचं पाणी, ताक, नारळपाणी, प्रोटीन पावडर. मग मऊ: वरण-भात कुस्करून, अंडं, पनीर, दही. साधारण दीड-दोन महिन्यांत नेहमीचं जेवण, पण वाटीभर. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी आणि नंतर. घास चावून चावून. हे सगळं डायटिशियन छापील कागदावर देतात, अडचण कागदाची नसते, घरची असते. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करून वाढलं नाही तर पाहुणचार झाला असं वाटत नाही, आणि ताई हळदीकुंकवाला गेली की "एवढंसंच खाल्लंस, नीट नाही का झालं?" हे प्रत्येक घरात. पोटात जागा नसताना आग्रहाने एक पुरणपोळी गेली की उलटी, आणि बायपास झालेल्याला गोड जास्त झालं तर छातीत धडधड, घाम, चक्कर, जुलाब, त्याला डंपिंग म्हणतात. उपासाचंही बघा, साबुदाणा आणि बटाटा यात प्रोटीन अगदीच कमी, आणि तुम्हाला रोज 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन पोटात घालायचंय. शाकाहारी असाल तर ते वाटतं तितकं सोपं नाही, ऑपरेशनच्या आधीच आठवडाभर ते वहीत लिहून करून बघा म्हणजे जमतं का ते कळेल.

व्हिटॅमिन जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, बी-ट्वेल्व्ह, आयर्न, कॅल्शियम सिट्रेट, डी. आयर्न आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही. पहिल्या वर्षी रक्ततपासणी दर काही महिन्यांनी, नंतर दरवर्षी, आणि दरवर्षी म्हणजे पाचव्या वर्षीही आणि बाराव्याही. लोक बरोबर इथे सोडतात, वजन उतरलं, बरं वाटतंय, कशाला जायचं. मग हातपाय बधिर होतात, हिमोग्लोबिन सातवर येतं आणि "ऑपरेशनमुळे झालं" म्हणतात. सर्जनला विचारा की पाच वर्षांपूर्वी ज्यांचं केलं त्यातले किती जण अजून तुमच्याकडे येतात. मला हा एक प्रश्न बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. फॉलोअप कोण बघतं, डायटिशियन तीच राहते का, फोनवर बोलता येतं का, हे त्यातूनच कळतं.

बाकी पटापट. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, बहुतेकांचे परत येतात. कातडी लोंबते, ती काढायचं ऑपरेशन वेगळं आणि सहसा मेडिक्लेममध्ये बसत नाही. पटकन वजन उतरताना पित्ताचे खडे होतात, त्यासाठी काही महिने गोळी देतात, दिली नसेल तर विचारा. शुगरची औषधं ऑपरेशनच्या दिवसापासूनच कमी करावी लागतात, जुनाच डोस चालू ठेवला तर शुगर एकदम खाली जाईल, आणि काही गोळ्या, विशेषतः "फ्लोझिन" असं शेवट असलेल्या, ऑपरेशनच्या काही दिवस आधीच थांबवाव्या लागतात. गरोदरपण बारा ते अठरा महिने पुढे ढकला, आणि वजन उतरलं की पीसीओडीवाल्यांना पाळी नियमित होऊन दिवस पटकन राहतात, तेव्हा उपाय आधीच ठरवा, बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका. दारू लवकर चढते आणि बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून व्यसन लागणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलंय, घरात आधीच प्यायची सवय असेल तर हे लपवू नका.

आणि मन. ज्याला दुःखात, कंटाळ्यात खाण्याचा आधार होता त्याचा तो आधार एका दिवसात जातो. कॅनडातल्या एका मोठ्या पाहणीत ऑपरेशननंतर स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना वाढलेल्या आढळल्या. हे घाबरवायला सांगत नाहीये, पण आधी डिप्रेशन झालेलं असेल, गोळ्या चालू असतील तर सायकियाट्रिस्टला भेटल्याशिवाय तारीख घेऊ नका आणि घरातल्या एका माणसाला हे माहीत असू द्या. काउन्सेलिंग म्हणून पाच मिनिटं पॅकेजची माहिती देतात ते काउन्सेलिंग नाही.

पैसे

खाजगी हॉस्पिटलमध्ये साधारण अडीच-तीन लाखांपासून पाच-सहा लाखांपर्यंत ऐकायला मिळतं, शहर आणि रूमप्रमाणे. पॅकेजमध्ये काय काय आहे ते लिहून मागा: स्टेपलर आणि त्याची कार्ट्रिज म्हणजे पिनांची पट्टी (सगळ्यात महाग तीच, नवी वापरणार ना असं सरळ विचारा आणि त्यांचे स्टिकर फाइलला लावायला सांगा), आयसीयू लागलं तर, लीक होऊन परत अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर त्याचं बिल कोण भरणार. हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर एका ठिकाणी आमच्याशी बोलण्याचा सूरच बदलला, तिथे आम्ही परत गेलो नाही. त्यात वर्षाचे व्हिटॅमिन, प्रोटीन पावडर, तपासण्या, प्रवास मिळवा.

मेडिक्लेमचा नियम सगळ्या कंपन्यांना आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सारखाच करून दिलाय. डॉक्टरांचा सल्ला, वय 18 पूर्ण, बीएमआय 40 किंवा जास्त, नाहीतर 35 आणि सोबत लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूंचा आजार, कोरोनरी हार्ट डिसीज (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार), तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात न येणारा टाइप टू डायबिटीस यांपैकी एक, आणि आधीचे सौम्य उपाय करून उपयोग झाला नाही याचा पुरावा. म्हणजे सर्जन म्हणाले 32 ला करू आपण, तरी क्लेम बसेलच असं नाही. जुन्या डाएटिशियनचे कागद, शुगरचे रिपोर्ट, स्लीप स्टडी फेकू नका. पॉलिसीचा वेटिंग पिरियड संपलाय का बघा, आणि कॅशलेसची मंजुरी लेखी आल्याशिवाय अ‍ॅडमिट होऊ नका.

डॉक्टर कसा निवडायचा

रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो, तपासा. ही ऑपरेशनं दर महिन्याला किती करता, स्वतः करता की टीममधलं दुसरं कोणी, रात्री त्रास झाला तर हॉस्पिटलात कोण असतं, लीक झालेले पेशंट तुम्ही हाताळलेत का, हे विचारा. "आमच्याकडे कधीच काही झालं नाही" असं म्हणणाऱ्यापेक्षा "झालंय, असं झालं, असं निस्तरलं" म्हणणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवीन. जुने पेशंट भेटवायला सांगा, आणि सहा महिन्यांचे नको, पाच वर्षांचे भेटवा म्हणा. महिनाअखेरपर्यंत ऑफर, आजच अ‍ॅडव्हान्स भरा, असं कोणी म्हणालं तर उठा. हे ऑपरेशन उद्या झालंच पाहिजे असं जवळजवळ कोणाचंच नसतं, दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला महिना गेला तरी बिघडत नाही, तेवढ्यात तंबाखू सोडून होते आणि शुगरही खाली येते.

आणि ठरवून केलंतच तर एक कार्ड कायम पाकिटात ठेवा, घरच्यांच्या मोबाइलमध्ये फोटो ठेवा, गावच्या फॅमिली डॉक्टरांनाही एक प्रत द्या. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत: कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, सर्जनचा नंबर. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सर्जनला विचारल्याशिवाय नको, बायपास असेल तर अजिबातच नको. नाकातून नळी न बघता घालायची नाही. कितीही दिवसांपासून उलट्या होत असतील तर ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी बी-वन म्हणजे थायमिनचं इंजेक्शन, कारण ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणि बायपास असेल तर, वर्षं कितीही झालेली असोत, पोटात अचानक जोराची कळ आली तर अ‍ॅसिडिटी समजून घरी बसवून ठेवायचं नाही, आतडं आत अडकलंय का ते बघायला त्याच दिवशी सीटी स्कॅन आणि सर्जन.